पहिल्याच धुरीला ब्रिस्केट नको

प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या चौघांनी मिळून धुरावलेल्या मांसाची गमतीची स्पर्धा ठरवली आहे. सहा आठवडे हातात आहेत. प्रश्नकर्त्याकडे झाकणवाला गोल केटल ग्रिल आहे, पण त्यावर आजवर फक्त झटपट भाजणं झालं आहे, धुरी कधी दिलेली नाही. ब्रिस्केट (जनावराच्या छातीचा मोठा तुकडा) करून मेव्हण्याला चीत करायचा बेत आहे. विचारलंय ते असं: कोणतं लाकूड, कोणता मसाला आणि किती तास?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण क्रम उलटा करून घ्या. आधी विस्तव, मग वेळ, मग मीठ. लाकडाचा नंबर त्यानंतर आणि मसाल्याचा सगळ्यात शेवटी. पंधरा-सोळा वर्षांत माझ्या हातून बरंच मांस वाया गेलं, त्यात मसाला चुकला म्हणून वाया गेलेला एकही तुकडा मला आठवत नाही. विस्तव हाताळता न आल्यामुळे गेलेले मात्र मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

आधी ब्रिस्केटचा नाद सोडा. तो जनावराच्या छातीचा भाग, आणि त्यात एकावर एक दोन वेगळे स्नायू असतात. एक चपटा आणि बिनचरबीचा, दुसरा जाड आणि चरबीदार. चपटा भाग कोरडा पडायला लागतो तेव्हा जाड भाग अजून चिवटच असतो. अख्खा तुकडा पाच-सहा किलोंचा, बारा-चौदा तास सहज खातो, आणि चुकला तर दुरुस्ती नाही. सहा आठवड्यांत त्याच्या किती तालमी होतील? फार तर दोन. त्यापेक्षा हाडासकट डुकराचा खांदा घ्या, अडीच-तीन किलोंचा. घरात डुक्कर चालत नसेल तर मेंढीचा खांदाही याच जातकुळीतला, फक्त लहान असल्याने लवकर होतो. खांद्यात चरबी आतपर्यंत पसरलेली असते आणि संयोजी ऊती (स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे) भरपूर असतात, त्यामुळे आच वीस अंश इकडेतिकडे झाली तरी तो सांभाळून घेतो. शिकाऊ माणसाला असाच तुकडा हवा.

खांदा किंवा ब्रिस्केट तासन्‌तास का शिजवायचा, हे एकदा समजलं की निम्मे गोंधळ मिटतात. कष्ट करणाऱ्या स्नायूंमध्ये कोलॅजेन (संयोजी ऊतींमधलं चिवट प्रथिन) जास्त असतं, म्हणून ते चिवट. मांसाचं आतलं तापमान 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की हे कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं. हे काम तापमानाइतकंच वेळेवर चालतं. म्हणून 75 अंशाला काढलेला खांदा खायला सुरक्षित असला तरी रबरासारखा लागतो, आणि तोच 95 पर्यंत सावकाश नेला की काट्याने सुटतो. कोंबडीच्या छातीत असं कोलॅजेन जवळपास नसतंच. तिला 95 पर्यंत नेलंत तर लाकडाचा भुसा हाती येईल. तेव्हा 'किती तास' याचं एकच एक उत्तर नाही. प्रत्येक तुकड्याचं उत्तर त्याच्या आतल्या तापमानात असतं.

आता विस्तव. पहिल्या सुट्टीच्या दिवशी मांस आणूच नका. ग्रिल पेटवा आणि रिकामाच चार तास 110 ते 130 अंशांच्या मध्ये धरून दाखवा. घरचे हसतील, हसू द्या. केटलसाठी सगळ्यात सोपी रचना म्हणजे कोळशाची वेटोळी रांग. एकसारख्या आकाराच्या दाबीव कोळशाच्या वड्या घ्या. ओबडधोबड लाकडी कोळसा इथे नको, कारण त्यात फटी पडतात आणि विस्तव मध्येच थांबतो. ग्रिलच्या आतल्या कडेला लागून दोन वड्या शेजारी-शेजारी, त्यांच्यावर आणखी दोन, अशी रांग कडेकडेने साधारण दोन-तृतीयांश वर्तुळ भरेल इतकी लावा. कोळसा पेटवायच्या डब्यात वेगळ्या पेटवलेल्या आठ-दहा वड्या पांढरी राख धरू लागल्या की चिमट्याने रांगेच्या एकाच टोकाला ठेवा. विस्तव तिथून वातीसारखा पुढे सरकत जातो. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचा उथळ ट्रे, त्याच्यावर जाळी आणि जाळीवर मांस. पाणी उष्णता साठवून चढउतार कमी करतं आणि टपकणारी चरबीही झेलतं.

झाकणाची वरची झडप (हवेचं भोक उघड-बंद करणारी पट्टी) पूर्ण उघडी आणि नेमकी मांसाच्या डोक्यावर असू द्या, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडतो. खेळायचं ते खालच्या झडपेशी. सुरुवातीला ती अर्धी उघडी ठेवा. 100 अंश दिसले की निम्म्याहून कमी करा, कारण चढत्या आचेला लगाम आधीच घालावा लागतो. 140 झाल्यावर झडप बंद करायला धावलात तर आच खाली यायला पाऊण तास लागेल, आणि तेवढ्यात तुम्ही घाबरून पुन्हा उघडाल. झडप एकदा बोटभर हलवली की वीस मिनिटं हात खिशात. मी हे घड्याळ लावून करायचो, कारण स्वतःवर भरवसा नव्हता. आणि झाकण उघडणं ही सर्वांत महाग हौस आहे. साठवलेली उष्णता तर जातेच, वर विस्तवाला भसकन हवा मिळते, मग झाकण लावल्यावर आच उलटी भडकते.

झाकणावरच्या काट्याच्या तापमापकावर विसंबू नका. तो घुमटाच्या वरच्या हवेचं तापमान सांगतो, मांस असतं जाळीवर, आणि दोन्हींत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. दोन सळयांचा डिजिटल तापमापक घ्या, एक सळई जाळीजवळ हवेत, दुसरी मांसात. आणल्या दिवशी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात सळई धरा, 0 दाखवायला हवं. या खेळात एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर ते यावर घाला.

धुराबद्दल मात्र थोडं पाल्हाळ लावतो, कारण माझी पहिली स्पर्धा मी इथेच हरलो. धुरी द्यायची म्हणजे भरपूर धूर हवा, अशी माझी समजूत. ओल्या लाकडाच्या ढलप्या विस्तवावर टाकल्या, आणखी धूर कोंडावा म्हणून वरची झडप जवळजवळ लावून टाकली. पांढराशुभ्र, दाट धूर येत होता आणि मी अभिमानाने फोटो काढत होतो. कोंबडी बाहेर आली तेव्हा रंग सुरेख, तपकिरी-काळा. माझ्या पुतणीने एक घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "काका, जीभ बधिर झाली." तिला वाटलं मसाल्यात काहीतरी गेलंय. ते क्रिओसोट होतं. हवा कमी पडून लाकूड नुसतं धुमसलं की त्यातून डांबरासारखी कडवट द्रव्यं निघतात, मांसाच्या गार पृष्ठभागावर जाऊन बसतात, आणि नंतर कितीही सॉस ओतला तरी हटत नाहीत.

चांगला धूर दिसतो कमी. फिकट, निळसर, जेमतेम कळेल असा. मागे गडद भिंत किंवा झाड असेल तरच नीट ओळखू येतो. लाकडाला पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली की त्यातलं लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य) फुटून ग्वायकॉल आणि सिरिंगॉलसारखी द्रव्यं तयार होतात, आणि आपण 'धुरकट स्वाद' म्हणतो तो मुख्यतः त्यांचा. पेटवल्यावर सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं पांढरा धूर येणारच. तो सरेपर्यंत मांस आत टाकू नका. मी अजूनही झडपेवर हात फिरवून वास घेतो. वास गोडसर, सुक्या लाकडाचा आला तर ठीक. डोळे चुरचुरले आणि घशात खवखवलं, तर मांसालाही तेच लागणार.

लाकूड भिजवू नका, हा सल्ला ऐकून अनेकांना धक्का बसतो. पाणी लाकडात फार खोल शिरत नाही. जे शिरतं ते आधी वाफ होऊन जातं आणि तोवर विस्तव गार पडतो. सुकवलेले, मुठीएवढे तीन-चार ठोकळे पुरतात. कोळशाच्या रांगेच्या पहिल्या अर्ध्या भागावर थोड्या-थोड्या अंतराने ठेवा. मांस गार आणि ओलसर असतं तेव्हा धूर जास्त पकडतं, म्हणून उपयोग सुरुवातीच्या तासांत. जात म्हणाल तर सफरचंद, चेरी यांचं लाकूड सौम्य, ओक मधलं, अमेरिकेतल्या झाडांपैकी हिकरी ठसठशीत आणि मेस्कीट इतकं उग्र की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पाइन, देवदार यांसारखी राळेची झाडं पूर्ण वर्ज्य. रंगवलेलं, रसायन दिलेलं लाकूड किंवा प्लायवुड तर नाहीच नाही, ते विष आहे. चेरी की सफरचंद यावर तासभर वाद घालणारी मंडळी भेटतील. डोळे बांधून त्यांना फरक ओळखायला सांगा.

मीठ आदल्या रात्री. हाडासकट वजनाच्या साधारण एक ते सव्वा टक्का, म्हणजे तीन किलोंच्या तुकड्याला 30 ते 35 ग्रॅम. चोळून, न झाकता, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ताटात ठेवा. रात्रभरात मीठ आत जिरतं आणि वरचा भाग थोडा सुकतो. मसाला सकाळी: मिरपूड, लाल तिखट, लसणाची पूड, थोडी साखर, एवढ्यावर भागतं. मसाल्यात पुन्हा मीठ घालू नका. तयार मसाल्याच्या पाकिटांत बहुधा मीठ असतं, आणि दुप्पट खारट खांदा हा नवख्यांचा ठरलेला अपघात.

आता प्रत्यक्ष दिवस. तीन किलोंचा खांदा 120 अंशांवर आठ ते अकरा तास घेतो. होय, फरक एवढा मोठा आहे, आणि तो तुमच्या हातात नाही. जेवण संध्याकाळी साडेसातला असेल तर मांस सकाळी साडेसहाला जाळीवर हवं, म्हणजे पेटवायला साडेपाचला उठणं आलं. लवकर झालं तर बिघडत नाही. उशिरा झालं तर सगळी पंगत तुमच्या तोंडाकडे बघत बसते.

पहिले चार-पाच तास सगळं सुरळीत. मग आतलं तापमान 65-70 च्या आसपास येतं आणि चक्क थांबतं. तास जातो, दीड तास जातो, आकडा हलत नाही, कधी एखादा अंश उतरतोसुद्धा. मेव्हण्याचा तुकडा होत आला असेल आणि तुमचा 68 वर अडून बसला असेल. इथे नवखे लोक हमखास आच वाढवतात किंवा तापमापक बिघडला म्हणून बदलतात. बिघडलेलं काही नसतं. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, जसा घाम आल्यावर आपण गार पडतो. ओलावा कमी झाला की आकडा आपोआप पुढे सरकतो.

थांबायचं नसेल तर गुंडाळा. वरचं कवच गडद झालं, नखाने खरवडलं तरी मसाला निघत नाही असं झालं, की तुकडा अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या दोन थरांत घट्ट बांधा. वाफ अडली की गार पडणंही थांबतं आणि दीड-दोन तास वाचतात. किंमत एवढीच की कवच थोडं मऊ पडतं. फॉइलऐवजी बिनमेणाचा, बिनप्लास्टिकचा जाड खाटिक-कागद वापरला तर कवच बरं राहतं, पण वेळ कमी वाचतो. घरच्या स्पर्धेत मी फॉइलच सुचवेन. पाहुणे उपाशी असतात तेव्हा कवचाची खुसखुस कुणी मोजत नाही. एकदा गुंडाळलं की धुराचं काम संपलं, पुढची उष्णता घरातल्या ओव्हनची असली तरी मांसाला काही कळत नाही. पाऊस आला किंवा विस्तव विझला, तर लाज न बाळगता 130 अंशांच्या ओव्हनमध्ये टाका.

झालं हे ओळखायचं आकड्याने आणि हाताने. 93 च्या पुढे गेलं की सळई तीन-चार ठिकाणी टोचून बघा. मऊ लोण्यात शिरावी तशी विनासायास शिरली की झालं. कुठे अडली तर अर्धा तास आणखी. खांद्याचं चपटं हाड चिमट्यात धरून हलवा, ते सैल होऊन सुटायला लागलं असेल तर शंकाच नको. मग फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये किमान तासभर ठेवा. दोन-तीन तासही गरम राहतं, आणि वेळेची जी गंगाजळी तुम्ही सकाळी लवकर उठून जमवली, ती इथे खर्च होते. फक्त आतलं तापमान 60 च्या खाली जाऊ देऊ नका.

तेच 60 अंश सुरक्षिततेसाठीही लक्षात ठेवा. 4 ते 60 अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. कच्चं असो वा शिजलेलं, मांस बाहेर दोन तासांहून जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, म्हणून सळई सुरुवातीलाच खुपसून ते आत ढकलू नका, दोन तासांनी वरचा भाग तापल्यावर टोचा. कोंबडी करणारा स्पर्धक असेल तर त्याने हाडाजवळ 74 अंश बघितल्याशिवाय वाढू नये. गार धुरी, म्हणजे मांस न शिजवता नुसता धूर देणं, हा प्रकार या स्पर्धेत कुणीही करू नये. त्याला नायट्राइटचं (मांस टिकवणाऱ्या क्षाराचं) मोजून-मापून मुरवण लागतं आणि चुकीला बोट्युलिझमची, म्हणजे जीवघेण्या विषबाधेची, शिक्षा आहे. आणि ग्रिल उघड्यावरच. गॅरेज, बंद गच्ची, अर्धवट उघडं शटर, यांपैकी काहीही चालणार नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि विझत आलेला कोळसाही तो सोडत राहतो. राख दुसऱ्या दिवशीही गरम असू शकते, ती प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका.

मांस कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल. कुणीतरी 'कच्चं आहे' म्हणणारच. विस्तवातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात, त्याचा तो रंग. त्याला चव नसते. दिसला तर मिरवा, नाही दिसला तर हळहळू नका.

गुणांचं आधी ठरवा, नाहीतर स्पर्धेची भांडणं होतील. अमेरिकेत धुरावलेल्या मांसाच्या स्पर्धा चालवणाऱ्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत दिसणं, चव आणि मऊपणा या तिन्हींना गुण असतात. सर्वांत जास्त भार चवीला, त्याखालोखाल मऊपणाला, दिसण्याला सर्वांत कमी. नमुना कुणाचा हे परीक्षकांना कळू दिलं जात नाही. सहा परीक्षकांपैकी सर्वांत कमी गुण देणाऱ्याचा आकडा वगळतात. घरी सहा परीक्षक कुठून आणणार, पण ताटांखाली चिठ्ठ्या लावून ती कुणाची हे लपवणं जमतं. हाडावरून आपोआप गळून पडणाऱ्या बरगड्या तिथे जास्त शिजलेल्या धरतात. घास घेतल्यावर दातांची खूण स्वच्छ उमटावी, बाकीचं मांस हाडालाच राहावं, अशी अपेक्षा. घरच्यांना मात्र गळून पडणारंच आवडतं. परीक्षक कोण आहे ते बघून शिजवा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही दिवसभर धुरात उभे असता, त्यामुळे संध्याकाळी तुमच्या नाकाला धूर कळेनासा होतो आणि मांस फिकं वाटतं. तेव्हा घाबरून शेवटच्या तासाला आणखी लाकूड टाकू नका. घरात बसलेल्या कुणाकडून तरी चाखून घ्या. फॉइलमध्ये साचलेला रस फेकायचा नाही: वरची चरबी काढा, उरलेला रस सोडवलेल्या मांसात परत मिसळा, मीठ चाखा, गरज वाटली तर चमचाभर व्हिनेगर घाला. कवचाचे काळे तुकडे बारीक करून सगळीकडे पसरा, म्हणजे प्रत्येक घासात थोडे येतील. सॉस वेगळ्या वाटीत द्या. साखरेचा सॉस लावायचाच असेल तर शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, आधी लावला तर करपतो.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर पहिला रिकाम्या विस्तवाचा, दुसरा कोंबडीच्या तंगड्यांचा (त्या 150 अंशांवर करा, कमी आचेला कातडी चामड्यासारखी होते), मग खांद्याच्या तीन तालमी, आणि सहावा स्पर्धेचा. दर वेळी वहीत वेळ, जाळीचं तापमान, मांसाचं तापमान, झडप किती उघडी आणि वारा कुठून, एवढं टिपा. मसाला तिन्ही वेळा तोच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

मेव्हण्याला ब्रिस्केट करायचं असेल तर अडवू नका. पहाटे दोनला उठून त्याची झडप कोण बघणार, तेवढं फक्त आत्ताच ठरवून घ्या. नाहीतर उठवतील तुम्हालाच.